रिकामं वजन

हॅवलिकच्या वजनकाट्यावर मी पाच वर्षं बसले.
खिडकी एक, हीटर एक, तिकिटं छापायचं यंत्र एक.
ट्रक यायचा मक्याने भरलेला, ते पहिलं वजन.
खड्ड्यात पोट मोकळं करून परत यायचा, ते दुसरं.
वजाबाकी म्हणजे मका.
शाळेत मला वजाबाकी कधी जमली नाही,
इथे तिचाच पगार मिळाला.

सुरुवात चर्चच्या तळघरात झाली, घडीच्या खुर्च्यांवर.
जन्मभर ट्रॅक्टरचे सुटे भाग विकलेला व्हर्लिन स्टॅलेकर
फळ्यावर एक कणीस काढून उभा राहिला.
कणीस कसलं, रॉकेटच वाटत होतं.
म्हणाला, "तेल दुसऱ्यांच्या वाळूखाली आहे.
आपलं आपल्या मातीवर उभं आहे, डोक्यात तुरा खोवून."
टाळ्या पडल्या नाहीत.
नेब्रास्कात माणसं आधी कॉफी संपवतात.
मग ओपल ड्वोराचेकने पर्समधून चेकबुक काढलं
आणि शेजाऱ्याकडे पेन मागितलं.
ते पेन त्या रात्री सगळ्या रांगांतून फिरलं.

बेकरी नसलेल्या गावाला
पाव फुगल्याचा वास येऊ लागला, चोवीस तास.
वाळत घातलेल्या चादरींना, कुत्र्यांना, बायबलच्या पानांना.
पहिली धार उतरली तेव्हा व्हर्लिनने बोट बुडवून चाटलं,
डोळे मिटले, आणि खोकला.
लगेच त्यात पेट्रोल मिसळलं. कायदाच तसा आहे:
पिता येईल असं या नळातून बाहेर सोडायचं नाही.

ट्रकांची रांग दफनभूमीच्या कोपऱ्यापर्यंत जायची.
पोरांच्या बास्केटबॉलच्या बनियनवर कंपनीचं नाव,
पाण्याच्या टाकीवर कंपनीचा सूर्य.
कॅन्ससमध्ये दुसरा कारखाना काढायचं ठरलं,
नकाशावर टाचणीसुद्धा लागली.

मका दोन डॉलर होता. मग चार. मग साडेपाच.
सातला व्हर्लिनने सहा महिन्यांचा माल बांधून घेतला,
अजून चढेल या भीतीने.
माझ्याच खिडकीबाहेर उभा होता तो, फोन एका कानाला,
दुसरा कान हाताने झाकलेला. वारा होता.
"हो, सगळा," एवढंच मला ऐकू आलं.
ऑक्टोबरात भाव साडेतीनवर आला.

वाफ थांबली त्या दिवशी आकाश किती मोठं दिसलं!
शेवटचा घाणा टाक्यांतच आंबत राहिला,
आणि पावाचा वास हळूहळू
कुणीतरी न सांगितलेल्या गोष्टीसारखा कुजला.

मग ओमाहाहून वकिलांची पाकिटं आली.
ज्यांचे पैसे बुडाले त्यांना नाही, ज्यांना मिळाले त्यांना:
शेवटच्या नव्वद दिवसांत घेतलेलं परत करा.
आर्विड सॉडरबर्गने कागद माझ्या काचेला चिकटवून धरला.
"मका दिला, दाम घेतला. यात चोरी कुठली, मार्लिस?"
पुराव्याला जोडलेल्या प्रत्येक तिकिटावर माझी सही.
मी मापात पाप केलं नव्हतं.
तेच त्यांच्या कामाला आलं.

मार्चमध्ये भंगारवाले आले.
या काट्यावर पहिल्यांदाच उलटं घडलं:
ट्रक आधी रिकामे आले,
नंतर भरून गेले.
स्टीलचे मनोरे, पंप, तळघरातल्या त्या घडीच्या खुर्च्यासुद्धा.
(त्या आमच्याकडे कशा आल्या, देव जाणे.)

पण मला सांगायचंय ते त्याच्या आदल्या रात्रीचं.
व्हर्लिनचा पिकअप काट्यावर येऊन थांबला,
पिवळ्या झाकणाचा, आमच्याच इंधनावर चालणारा.
काच खाली करून म्हणाला, "वजन सांग."
मागे काही नव्हतं. एक फावडं, थोडा बर्फ.
"पाच हजार सहाशे ऐंशी."
"एवढं?" म्हणाला.
मी तिकीट छापलं, सवयीने सही केली.
तो ते न घेताच गेला, महामार्गाच्या दिशेने.

अजून माझ्याकडे आहे.
पहिल्या रकान्यात आकडा,
दुसरा कोरा,
आणि खाली यंत्राने आपणहून छापलेलं:
दुसऱ्या वजनासाठी परत यावे.