साठ फूट केबल

तुम्ही त्याला समोरून पाहिलंत.
मी बाजूने, स्पीकरच्या आडून,
आणि बहुतेक वेळा पाठीकडूनच:
अंगाला चिकटलेला जांभळा सॅटिनचा शर्ट,
काखेत उसवलेली शिवण,
जी मी सेफ्टी पिनेने टाचलेली.

पोस्टरवर नुसतं ‘इनास’.
आडनाव तुस्कानो, गाव नंदाखाल,
बाप लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा,
हे अख्ख्या मनामात मला एकट्याला ठाऊक.

मी दिवसा हिद्दच्या ड्राय डॉकवर इलेक्ट्रिशियन.
गुरुवारी रात्री हॉटेलच्या हिरवळीवर
त्याच्या गिटारची केबल सोडायची, आवरायची.
साठ फूट. सोल्डर माझंच,
वायर डॉकवरची. उचललेली म्हणा.
तो मला फिरकी म्हणायचा.
बरोबरच होतं. पतंग उडवणाऱ्याचं नाव होतं,
फिरकी धरणाऱ्याला कोण विचारतं?
पतंग कटला की शिव्या मात्र त्यालाच.

दातांनी वाजवतो, अशी त्याची ख्याती.
दातांनी कसला!
तोंड तारांशी न्यायचा, केस पुढे सोडायचा,
काम सगळं डाव्या हाताचं.
दाढा किडलेल्या त्याच्या,
बर्फाचं पाणीसुद्धा सोसायचं नाही.
गुडघ्यांवर घसरत यायचा ना,
ते गुदैबियाच्या खोलीत, फरशीवर साबणाचं पाणी ओतून
दुपारभर घोटलेलं.
खालचा मल्याळी शिंपी वर येऊन भांडायचा
आणि जाताना त्यालाच पँट शिवून द्यायचा,
गुडघ्यांत आतून चामडं.

पण वाजवायला लागला की
मला हे सगळं माहीत असून
काहीच माहीत नसायचं.

ऑगस्टची ती रात्र.
हवा अशी की तारा दोन गाण्यांत गंजाव्यात.
पूल ओलांडून आलेली सौदी माणसं पुढच्या टेबलांवर,
मागे कुंपणाला लटकलेले आमच्या कॅम्पमधले फुकटे.
तो हिरवळीवर उतरला, टेबलांमधून निघाला,
तरणतलावाच्या काठाने, पाय एकापुढे एक ठेवत,
गिटार मानेमागे.
मी सोडतोय, सोडतोय.
“ढील दे!” तिकडून ओरडला. मराठीत.
स्टेजवर मराठी फक्त माझ्यासाठी असायची.
ढील संपली होती, इनास.
सांगणार कसं?

अँपमधून प्लग सुटला.

जनरेटरची घरघर. कुठेतरी चमचा.
आणि मैदानभर नुसता तारांचा बारीक आवाज,
कानाशी डास यावा तसा.
तो थांबला नाही.
डोळे मिटून, तोंड उघडं टाकून
न ऐकू येणारं वाजवत राहिला,
आणि चारशे माणसं पुढे वाकली,
जणू त्यांचेच कान कमी पडतायत.
माझ्या हातात प्लग.
खोचायला दोन पावलं पुरे होती.
मी लगेच खोचला नाही.
का, ते आजही सांगता येत नाही.

मग कुवेत, मस्कत, मग लंडन.
रेकॉर्डी आल्या, स्टेडियमं भरली,
नवी दातं बसवली असं ऐकलं.
आणि वायरलेस आलं.
फिरकीशिवाय उडायला लागला.
त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.
केबल माझ्या बाल्कनीत आहे, सात फेऱ्या मारून.
ओव्हरऑल वाळतात तिच्यावर.

बावीस वर्षांनी बहारीनला आला.
तिकीट काढलं, चाळिसावी रांग.
पडद्यावर दिसलं, घसरला तो गुडघ्यांवर,
पण उठताना ड्रमवाल्या पोराचा हात धरला.
शेवटच्या गाण्यात, मधेच,
त्याने आवाजाचं बटण शून्यावर नेलं
आणि वाजवत राहिला.
बाजूची पोरगी भावाला विचारत होती,
“बिघडलं का काही?”

मी काही बोललो नाही.
उजवी मूठ तेवढी मांडीवर
आपोआप सैल होत गेली.