बॉबिन

फहाहीलला तिसऱ्या मजल्यावर आम्ही चौघी.
एक फ्रिज, चार कप्पे,
जिच्या तिच्या दुधावर जिचं तिचं नाव.
शुक्रवारी धुणं वाळत घालून झालं
की एसीखाली चटई पडायची
आणि जिची पाळी ती सांगायची
तिला सगळ्यात आवडलेली गोष्ट.

रोवेनाची मालिका. तीनशेच्या वर भाग.
जुळ्या बहिणी, एक बंगल्यातली, एक मासे विकणारी,
आणि दर दोन महिन्यांनी कुणाची तरी स्मृती जायची.
थप्पड आली की ती स्वतःच्याच मांडीवर मारायची.
तिची हिंदी म्हणजे नुसती क्रियापदं,
आया, देखा, रोया, भागा,
तरी पुढच्या शुक्रवारपर्यंत
त्या मासेवालीचा घोर आम्हाला.

ताहिरा सारंग दाभोळची. तिला कथाबिथा नको.
"खोटंच ना सगळं?" म्हणायची, कोळंबी सोलत,
आणि नेमकी तीच विचारायची,
"मग त्या मेल्याला धरला की नाही?"

शोशाम्माचा सिनेमा मी ऐकला
वडील गेले त्या आठवड्यात.
सुट्टी मंजूर व्हायला चार दिवस लागले असते,
आणि मिरजेत कुणी चार दिवस थांबत नाही.
एक म्हातारा, जन्मभर माडावर चढलेला.
डॉक्टर नको म्हणतो, सून नको म्हणते,
तरी एका रात्री चढतो.
खाली सगळं गाव कंदील घेऊन उभं.
"उतरला?" मी विचारलं.
शोशाम्मा जरा थांबली.
"उतरला. म्हणाला, चहा टाका."

माझं पुस्तक लोणच्याच्या बरणीभोवती
गुंडाळून आणलेलं. पानांना अजून हिंगाचा वास.
आत वाचनालयाचा शिक्का,
परत करायची तारीख अकरा वर्षांपूर्वीची.
त्यातली बाई शिवणयंत्र डोक्यावर घेऊन
पहाटे घर सोडते.
चुंबळ हिंदीत सांगता येईना,
टॉवेल पिळून डोक्यावर ठेवून दाखवली.
पुस्तकात नवव्या मैलावर, ओढ्यापाशी,
तिला आठवतं, बॉबिन घरीच राहिली.
ती मागे फिरते.
पुढे एकच ओळ आहे:
दार नुसतं लोटलेलं होतं.
अठराव्या वर्षी ती वाचून
मी दोन दिवस धड जेवले नव्हते.
म्हणून तर ते माझं आवडतं.

पण त्या शुक्रवारी
रोवेनाला नवऱ्याचा तिसरा निरोप आलेला.
दोह्याच्या नोकरीचं पत्र उशीखाली,
बॅग दारामागे, अर्धी भरलेली,
आणि ती गुडघे पोटाशी घेऊन ऐकत होती.
मी ओढ्यापर्यंत आले नि जीभ अडली.
म्हटलं, ती कनवटीला चाचपते.
बॉबिन तिथंच असते.
मग लुगडं वर खोचते आणि पाण्यात उतरते.
ताहिरानं सोलायचं थांबवलं.
"बाई हुशार होती गं," म्हणाली.
मला वाटलं, कुणीतरी पुस्तक मागेल, पान बघेल.
मराठी वाचणारी त्या घरात अजून एक होतीच.
तिनं नुसता पातेल्यावर झाकण ठेवलं.

रोवेना दोह्याला गेली.
विमानतळावर, काचेपलीकडून,
तिनं हात हलवला नाही.
कमरेला दोन बोटं टेकवली.

येताना टॅक्सीत, लांबवर
रिफायनरीच्या ज्वाळा वाऱ्याला झुकलेल्या,
शोशाम्मा पुढच्या सीटवर मणी ओढत होती,
तेव्हा पहिल्यांदा मनात आलं,
तो म्हातारा उतरला होता ना?

सिनेमा फोनवर मिळतो. दोन तास सहा मिनिटं.
काल रात्री एक तास अठ्ठावन्नपर्यंत आले.
माड. वर काळोख. खाली कंदील,
कडेवरची पोरंसुद्धा गप्प.
तिथं अंगठा ठेवला.

स्वयंपाकघरातून शोशाम्माचा आवाज,
"चहा टाकू?"
टाक, म्हटलं,
आणि फोन उपडा ठेवला.