शिडी नाकाड्यांकडे असते

आमच्या गल्लीत शिडी एकच.
एप्रिल लागला की ती फिरते:
वाळ्याच्या नव्या ताट्या, पंपाची वायर,
वरच्या मजल्यावरचा गंजका कूलर.
त्रिमूर्तीनगरात अकरा घरं, शिडी नाकाड्यांकडे.
कोणी विकत घेतली, आता कोणाला आठवत नाही.

ऑफिसात मात्र माझ्याकडे सात शिड्या होत्या.
खुशाल बोंद्रे पुण्याला गेला तेव्हा
पायथनमधली सात मॉड्यूल्स ठेवून गेला,
प्रत्येकाच्या पोटात तेच एक फंक्शन:
मशीनला हाक मार, थांब, पुन्हा मार,
तीनदा ओ आली नाही, तर हात जोड.
अक्षर न् अक्षर तेच. स्पेलिंगची चूकसुद्धा तीच.
सातव्यात फक्त एक ओळ जादा, मराठीत:
'याला हात लावू नये. का ते विचारू नये.'

मार्चअखेरीसच पारा बेचाळीसवर गेला,
मिहानमधल्या सर्व्हर रूमचा एसी खोकायला लागला,
मशीनी उशिरा ओ देऊ लागल्या.
मी थांबायची वेळ वाढवली. सहा ठिकाणी.
सातवं राहिलं, त्या ओळीला भिऊन.
रात्री अडीचला फोन वाजला, तो सातव्याचाच.

मग एका रविवारी,
तर्री-पोह्यांची प्लेट कीबोर्डपासून लांब ठेवून,
ते फंक्शन सातही पोटांतून काढलं,
एका सामाईक फोल्डरात नेऊन ठेवलं,
आणि जिथे चाळीस ओळी होत्या तिथे
इम्पोर्टची एकच.
आता कुठलंही मॉड्यूल निघालं
अकोल्याच्या, गोंदियाच्या मशीनवर,
की ते आपोआप गाठोड्यात बांधलं जातं.
तिकडे काहीच नसतं. सगळं इथूनच न्यावं लागतं.

तीन आठवडे मी वरातीत असल्यासारखी फिरले.

मग माझ्याच एका कामासाठी, घाईत,
मी तीसचे दहा सेकंद केले.
माझं चाललं. झकास चाललं.
पल्लवी ठवकरचा बॅकअप सहा रात्री झालाच नाही.
ती ओरडली नाही. स्क्रीन माझ्याकडे वळवली फक्त.

घरी आले तर फाटकापाशी गर्दी.
नाकाडेकाकांनी शिडीच्या खालच्या दोन पायऱ्या
करवतीनं कापल्या होत्या.
"अडत होती ना बा जिन्यात," ते म्हणत होते,
"माह्या कूलरले पुरते ना."
वरच्या मजल्यांवरचे सगळे खाली उभे,
हातात ताट्या, घामाघूम.

मला हसू आलं, आणि नाही आलं.

रात्री तीस परत केले. ज्याला दहा हवेत
त्यानं मागताना दहा सांगावेत, अशी सोय केली.
फंक्शनच्या डोक्यावर सातही मॉड्यूल्सची नावं,
खाली पल्लवीचा नंबर, माझा नंबर.
एक चाचणी लिहिली, सातही घरांतून जाणारी.
बोंद्रेची ती ओळ मात्र पुसवेना.
तिच्याखाली लिहिलं: 'हात लावा. आधी विचारा.'

शिडीला काकांनी बांबूचे दोन तुकडे बांधलेत,
सुतळीनं. थोडी डुगडुगते.
खालून कोणीतरी धरायला लागतं आता.