दार बंद

दिवसभर मी लोकांचे मीटर वाचतो.
वडाळा, अँटॉप हिल, कोरबा मिठागर.
जिन्याखालच्या काळोखात बॅटरी धरायची,
आकडा टिपायचा, पुढं सरकायचं.
घरी कुणी नसलं तर शेरा मारायचा : दार बंद.
मग बिल सरासरीनं जातं.

रात्री भांडी घासून झाली की
मुलीच्या भूगोलाच्या अर्ध्या कोऱ्या वहीत
स्वतःचं रीडिंग घेतो.
तंबाखू : दोनदा. (जेवणानंतरची धरून तीनदा.)
गुडघ्याचा व्यायाम : केला, मोजला नाही.
विश्रामला फोन :

पुढं रेघ.
एकवीस दिवस नुसती रेघ.
बाविसाव्या रात्री रेघेचाही कंटाळा आला
म्हणून सवयीनं लिहून गेलो : दार बंद.

आणि पेन तिथंच राहिलं.
घरी तर मी होतोच की,
आतून कडी घालून
बेल ऐकत बसलेला.

हिनं विचारलं, एवढं काय लिहिता रोज?
म्हटलं, थकबाकी.
आईच्या तेराव्याला तोडून बोललो होतो त्याला,
त्याची सरासरी कशी काढणार?

काल सव्वानऊला लावला.
वाजत राहिला. धाकट्यानं उचलला नाही.
वहीत तेवढंच लिहिलं : लावला.
अक्षर जरा मोठं आलं.

आज दुपारी मिठागरात, तिसऱ्या मजल्यावर,
हात मीटरच्या पेटीत
आणि खिशात थरथर.

त्या घराचा आकडा चुकला आहे.
उद्या पुन्हा जावं लागेल.