पाचर

हमरियाची शेड. रात्रपाळी.
पत्रा दिवसभराचं ऊन अजून थेंबाथेंबानं परत देतोय.
आडव्या सिलिंडरच्या तोंडाशी बसलोय मी,
समोर चाळणीसारखी पोलादी तबकडी:
अकराशे चार भोकं, अकराशे चार नळ्या.

एकेका नळीचं तोंड फुलवायचं,
भोकाच्या कडेला गच्च बसेतो. फाटू द्यायचं नाही.
माप कागदावर असतं, पण कळतं ते मनगटाला.
"पाष्टे, आवाज ऐक," उन्नीकृष्णन म्हणतो.
बदलतो खरा: करकर, करकर, मग एकदम जड,
जेवून उठलेल्या माणसाचा असतो तसा.

हे धूड जाणार समुद्रापार,
जिथे भुईतून कढत पाणी वर काढतात.
पाणी नळ्यांच्या आतून, पेंटेन बाहेरून.
ऊब इकडची तिकडे जाईल,
पेंटेन उकळेल, चाक फिरेल,
आणि दोघं एकमेकांना शिवणारसुद्धा नाहीत.
मधे दोन मिलिमीटर धातू.

रोहेलियोनं मला हे नकाशा पसरून समजावलं.
मी मान हलवली. बोललो नाही
की आमच्या तुरळला असलं पाणी
हायवेच्या कडेला आपलंआपण वाहतं;
एसटीचा ड्रायव्हर गाडी उभी करून
पाय बुडवून यायचा,
आणि गंधकाचा वास घेऊन
पुढची सगळी गाडी चिपळूणला पोचायची.

पहाटे दाब चढवला.
सातव्या ओळीत एक नळी पाझरली,
घाम यावा इतकीच.
जहाजाची तारीख परवाची. ईमेल गेला,
उत्तर आलं: एक चालेल.

बुजवण्याआधी पाणी काढून आत डोळा लावला.
सहा मीटरवर पलीकडे रेजाऊलचा टॉर्च,
पंचवीस फिल्सच्या नाण्याएवढा.
"दिसतोय?" तो ओरडला.
"दिसतोय."
मग दोन्ही टोकांना पाचर. चार ठोके त्याचे, चार माझे.

नळी आतच राहते.
बाकीच्यांसारखीच तापेल, नुसती वाहणार नाही.
कागदावर एवढंच: बंद, एक.

पेटी खिळल्यावर आठवलं,
तिच्याभोवती खडूनं काढलेलं वर्तुळ
पुसायचं राहून गेलं.
पहिल्या लोंढ्यात जाईल वाहून.
किंवा नाही जाणार.
खडू म्हणजे तरी काय, चुनाच;
आणि तसलं पाणी, आमच्या कुंडाची पायरी सांगते,
येताना चुना घेऊनच येतं.