तेहतिसावा मजला, पश्चिमेची काच

मेंडोन्सानं दोर ओढून पाहिला, शिक्का वाचला, सही केली.
मग मी उतरलो. बादली, रबरी पट्टी,
आणि लोअर परळची एवढी मोठी काच.

तेहतिसाव्यावर पाइपाच्या बेचक्यात ही बसलेली.
आठ पाय. शिक्का नाही.
वाऱ्यावर धागा सोडून आली असेल,
लिफ्टचं कुणाला कौतुक.

वारा सुटला. माझा खांदा काचेवर आपटला.
तिचं जाळं शिडासारखं फुगलं
आणि परत जागेवर.
एक टाका उसवला नाही.

अंधेरीचा तो उभा काळा दगड
अजून लाल, पातळ वाहायचा होता,
फुलंही नव्हती जगात,
तेव्हा हिची कुणी पणजी विणत बसली होती.

आमचे आबा नायलॉनचं जाळं
दर अमावास्येला सांधत बसायचे.
ही सांधत नाही.
जुनं खाऊन टाकते रात्री,
पहाटे त्याचंच नवं.
कोळीणच शेवटी.

फवाऱ्याचे चार थेंब उडाले, सगळा गोल उजळला.
धागे मोजले नाहीत.
मोजायला हात मोकळे लागतात.

खालून वॉकीटॉकी खरखरली:
नाखवा, डाग राहिलाय तिथं.
म्हटलं, दिसतोय.
आणि बत्तिसाव्यावर उतरलो.