किल्ली

देवगडच्या हवेत लोखंड फार दिवस लोखंड राहत नाही.
म्हणून दर शनिवारी दार लावून
कस्टममधून निवृत्त झालेले दाजी
रिव्हॉल्व्हरला तेल देत.
मग ते कपाटात, कुलपात.
गोळ्या माडीवर, वेगळ्या डब्यात.
किल्ली कुठे, ते आईलाही ठाऊक नव्हतं.

मला होतं.
सातव्या वर्षापासून.
वरच्या फळीवर, कोकमांच्या बरणीमागे,
आगळाचा डाग पडलेल्या फडक्यात.
दर दिवाळीला स्टुलावर चढून मोजायचे,
अजून किती बोटं कमी पडतात.
एका वर्षी एकही कमी पडलं नाही.

दाजी गेले. ठाण्यात जमा करताना
हवालदार म्हणाला, नीट ठेवलं होतं हो.

आता नवऱ्याचं पिस्तूल आकड्यांच्या तिजोरीत.
मी आकडे दाबते तेव्हा
शाल्मली चित्र काढत असते,
मान खाली,
पेन्सिल थांबलेली.